चर्चमध्ये टॅबवर शास्त्र वाचणाऱ्याला अडवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चमध्ये मोबाईल आणि टॅबवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला बंदी घालावी, अशा आशयाचं, पोपसाहेबांचा दाखला देणारं एका वाचकाचं पत्र आपल्या स्तंभात वाचलं. त्यामागची कळकळ खरी आहे. उपासनेत मन एकाग्र असावं, देवाच्या वचनाचा मान राखला जावा, असं कोणत्या ख्रिस्ती माणसाला वाटणार नाही? पण त्यांनी काढलेला निष्कर्ष माझ्यासारख्या अनेकांना उपासनेबाहेर नेऊन बसवणारा आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्य झाल्यास कात्री न लावता छापावं, ही विनंती.

मी भायखळ्याच्या एका मराठी मंडळीचा सभासद. माझं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. आधी गिरगावात जुळारी म्हणून खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवले आणि पुढे खिळे गेले, संगणकावरची जुळणी म्हणजे डीटीपी आलं, तेव्हा प्रुफं तपासणारा मुद्रितशोधक झालो. शाईचा वास, कागदाचा पोत, नीट बांधलेल्या पुस्तकाचं हातातलं वजन यांवर माझं मनापासून प्रेम आहे. माझ्या आईच्या लग्नात तिला मिळालेलं शास्त्र आजही आमच्या घरी आहे. जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या कोऱ्या पानांवर घरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, पहिल्या नोंदी आजोबांच्या अक्षरात आणि शेवटच्या माझ्या. छापील पुस्तकाची बाजू घ्यायची तर माझ्याइतका हक्काचा माणूस मंडळीत दुसरा नसेल. तरीही दर रविवारी मी चर्चमध्ये टॅब घेऊन जातो.

काही वर्षांपासून माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. डॉक्टर त्याला मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. ओळखीचा माणूस मी आता चेहऱ्यावरून ओळखत नाही, चालीवरून ओळखतो. छापील पानावर ज्या अक्षराकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं, आजूबाजूची तेवढी राहतात. चष्म्याचा नंबर वाढवून हे सुधारत नाही. अक्षरच मोठं करावं लागतं, खूप मोठं.

आता मराठी पवित्र शास्त्र डोळ्यांसमोर आणा. दोन रकाने, बारीक टाइप, पातळ कागद. यात छापणाऱ्याचा काही दोष नाही. सहासष्ट पुस्तकं एका बांधणीत बसवायची म्हटली की टाइप लहान करावा लागतो आणि कागद असा घ्यावा लागतो की पानामागची छपाई पुढे दिसते. देवनागरीत हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतो. आपल्या ओळीच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, पायाशी उकार असतात. टाइप लहान केला की आधी मार बसतो तो यांनाच. अनुस्वाराचा ठिपका दिसला नाही तर 'त्यांचा' आहे की 'त्याचा' हे कळत नाही, म्हणजे वचन बारा शिष्यांबद्दल आहे की एकट्या पेत्राबद्दल, तेच कळत नाही. मी भिंग घेऊन वाचून पाहिलं आहे. घरी टेबलापाशी जमतं. चर्चमध्ये स्तोत्र उभं राहून वाचायचं असतं. एका हातात शास्त्र, दुसऱ्यात भिंग, काखेत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक, आणि भिंगाखाली एका वेळी दोन-तीन शब्द. मी वचनाच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत मंडळी पुढचं वचन संपवून बसलेली असते.

टॅबवर मी काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर ठेवतो. एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावतील एवढं मोठं. आमच्या छापखान्यात एवढा टाइप फक्त भित्तिपत्रकांसाठी असायचा आणि तोही लाकडी. मात्र लाकडी ठसा मोठा असला तरी जोडाक्षरांना तोकडा पडायचा. इथे अक्षर कितीही वाढवलं तरी जोडाक्षर फुटत नाही, रफार बरोबर आपल्या अक्षरावर बसतो, वेलांटी तुटत नाही. युनिकोड येण्याआधीच्या फाँटांमध्ये प्रुफं तपासताना याच गोष्टींनी आमचा जीव काढला होता, त्यामुळे याची किंमत मला चांगली माहीत आहे. डोळे अधू झाल्यावर ज्या दिवशी मी मंडळीबरोबर एकशे एकविसावं स्तोत्र एका लयीत, कुठेही न अडता वाचलं, त्या दिवशी घरी येऊन पत्नीजवळ मी रडलो होतो.

गेल्या पावसाळ्यात एका नातेवाइकाच्या स्मरणार्थ उपासना होती, म्हणून मुंबईतल्याच दुसऱ्या एका चर्चमध्ये गेलो होतो. चर्चचं नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. दारात फलक होता, 'मोबाईलचा वापर करू नये'. शास्त्रपाठ सुरू झाला तसा मी टॅब उघडला. जागा दाखवणारे एक तरुण गृहस्थ बाकापाशी आले, वाकून म्हणाले, "काका, ते बंद करा, इथे चालत नाही." मी हळूच सांगितलं की शास्त्रच वाचतो आहे, डोळ्यांचा त्रास आहे. ते म्हणाले, "सगळेच असं सांगतात." वाद घालायची ती वेळ नव्हती. मी टॅब मिटला. पुढे स्तोत्र आळीपाळीने वाचायचं होतं, एक वचन पाळकांनी, एक मंडळीने. सगळे उभे राहिले, मीही राहिलो. माझ्या शेजारच्या बाईंनी आपलं शास्त्र प्रेमाने माझ्यापुढे धरलं. मला त्या पानावर राखाडी डागापलीकडे काही दिसत नव्हतं. ज्या माणसाच्या स्मरणार्थ जमलो होतो त्याचं ते आवडतं स्तोत्र होतं, आणि त्या सगळ्या बाकात गप्प उभा असलेला मी एकटा होतो.

त्या तरुणाला मी दोष देत नाही, त्याला नेमून दिलेलं काम तो करत होता. पण "सगळेच असं सांगतात" हे त्याचं वाक्य मनातून जात नाही. माझ्या हातातल्या काचेवर काय आहे हे कळायला त्याला माझ्या खांद्यावरून डोकावावं लागेल. उपासनेला बसलेल्या माणसाकडे अशा संशयाने बघायला आपण आपल्या मुलांना लावतो आहोत. माझ्या मते फोन वाजण्यापेक्षा उपासनेला हे अधिक बाधक आहे.

पत्रलेखकांचा मुख्य मुद्दा असा की शास्त्र हे पुस्तकातूनच वाचायची रीत आहे. मला त्यांना नम्रपणे विचारायचं आहे, कोणत्या पुस्तकातून? लूकच्या चौथ्या अध्यायात प्रभू नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो तेव्हा त्याच्या हाती यशयाची गुंडाळी दिली जाते. तो ती उलगडतो, उतारा काढतो, वाचतो, गुंडाळून सेवकाकडे परत देतो आणि खाली बसतो. बाकीच्यांच्या हातात काहीच नव्हतं, ते ऐकत होते. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि स्त्री-पुरुष, ज्यांना समजत होतं ते सगळे, कान देऊन ऐकतात. प्रत्येकाच्या हातात आपापली प्रत ही गोष्ट छपाईने दिली. 'अमुक अध्याय, अमुक वचन काढा' असं आपण दर रविवारी म्हणतो, त्यातले अध्याय तेराव्या शतकात पडले आणि नव्या कराराच्या वचनांना आज चालतात ते आकडे १५५१ साली रोबेर एस्तियेन या मुद्रकाने घातले. एका छापखानेवाल्याची सोय आज आपल्या उपासनेचा भाग आहे, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर ही रीत आणखी अलीकडची. मिशनरी विल्यम कॅरींच्या मंडळींनी मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला तो १८११ साली. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि तीन-चार वर्षांत अमेरिकन मिशनने इथे छापखाना घातला. त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडवले, आणि तिथेच लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. आमच्या धंद्यात ही नावं आदराने घेतली जातात. मुंबईच्या मराठी छपाईची मुळं शास्त्र छापण्याच्या खटपटीत आहेत, याचा मला ख्रिस्ती म्हणून आणि जुळारी म्हणून दोन्हीकडून अभिमान आहे.

त्या काळात छापील पोथीलाही विरोध झालाच होता. शाईत चरबी असते, छापलेली पोथी सोवळ्यात कशी चालेल, असं म्हणणारे खूप लोक मुंबईत होते. १८३१ साली मराठी पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी त्यांच्या समाधानासाठी तुपाची शाई केली, असं जुन्या मुंबईच्या वर्णनात सांगितलेलं आहे. मला त्यांची ही रीत फार आवडते. त्यांनी लोकांचा विरोध हसण्यावारी नेला नाही आणि छपाईही थांबवली नाही, लोकांची अडचण काय ती बघून शाई बदलली.

आणि पुणे जिल्ह्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं, ते तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्या स्वतःच्या छापखान्यात छापलं गेलं, आणि त्या छापखान्यात काम करणाऱ्या होत्या तिथल्याच बायका आणि मुली. त्यांतल्या कित्येकींना दुष्काळातून आणलेलं होतं, समाजाने टाकून दिलेलं होतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोपर्यंत त्यांचं हेच काम चाललं होतं. साध्या, घरात बोलतात तशा मराठीत शास्त्र लोकांपर्यंत पोचावं म्हणून एका बाईने आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली. ते आज कागदावरून पोचतं की काचेवरून, एवढ्यावरून एखाद्याचं वाचन थांबवणं मला पटत नाही.

त्या पत्रात पोपसाहेबांचा दाखला अर्धवट दिला गेला आहे, तेवढं दुरुस्त करतो. पोप फ्रान्सिस नोव्हेंबर २०१७ मध्ये बोलले होते ते मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी फोन वर धरून फोटो काढणाऱ्यांबद्दल. त्यांत त्यांनी धर्मगुरूंना आणि बिशपांनाही सोडलं नव्हतं. शास्त्र वाचणाऱ्यांबद्दल ते बोलले नव्हते. उलट त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी विचारलं होतं की आपण फोन जसा सतत जवळ ठेवतो, विसरला तर माघारी जाऊन आणतो, तसं बायबलच्या बाबतीत केलं तर काय होईल? न्यूझीलंडच्या कॅथलिक बिशपांनी २०१२ साली आयपॅडबद्दल नियम केला, तोही वेदीवर धर्मगुरू जो मिस्साग्रंथ वापरतात त्यापुरता होता. बाकावर बसलेल्या आजोबांशी त्याचा संबंध नव्हता. आम्ही प्रॉटेस्टंट, आमची रीत वेगळी. पण वसईला माझे कॅथलिक व्याही आहेत. तिथे मराठी मिस्साला वाचक वाचतो आणि बाकीचे ऐकतात, या त्यांच्या शिस्तीचा मला आदर वाटतो.

टाळेबंदीचीही आठवण करून द्यावीशी वाटते. २०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली आणि आमच्या पाळकांनी घरोघरी फोन करून साठीच्या, सत्तरीच्या लोकांना झूम लावायला शिकवलं. पुढे ४ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रार्थनास्थळांसाठी नियमावली काढली, तीत धर्मग्रंथांना हात लावायला मनाई होती. महाराष्ट्रात १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, चर्च उघडली तेव्हा बाकांवरची शास्त्रं आणि गीतांची पुस्तकं उचलून कपाटात ठेवलेली होती. ज्याने त्याने फोनवर वाचावं, असं चर्चनेच सांगितलं. ज्या वृद्धांनी तेव्हा हे मोठ्या कष्टाने शिकून घेतलं त्यांना आता ते पाप आहे असं कसं सांगायचं?

शहरात चर्चला येणारे लोक येतात कुठून, हेही बघायला हवं. भायखळा, गिरगाव, माझगावच्या जुन्या मराठी मंडळ्यांतली निम्मी घरं आता तिथे राहत नाहीत. चाळी पडल्या, खोल्या विकल्या, मुलांनी डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला घरं घेतली. रविवारी सकाळी ती माणसं दीड-दोन तास प्रवास करून आपल्या आई-वडिलांच्या चर्चमध्ये येतात, आणि त्याच रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असतो. कडेवर मूल, खांद्याला डब्याची पिशवी, हातात छत्री. त्यात एक जाड शास्त्र आणि एक 'उपासना संगीत'. जुलैच्या पावसात शास्त्राचा तो पातळ कागद एकदा भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की अक्षरांसकट फाटतात. आमच्या मंडळीतली एक नर्स रात्रपाळी संपवून थेट चर्चला येते. येताना ती गाडीत त्या दिवशीचा उतारा फोनवर वाचते. प्रेषितांच्या कृत्यांतला हबशी अधिकारी यरुशलेमेहून परतताना रथात बसून यशया मोठ्याने वाचत होता, म्हणून तर फिलिप्पाला तो ऐकू आला. प्रवासात शास्त्र वाचायची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे.

आता मुलांबद्दल, कारण मला खरी काळजी त्यांची आहे. मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांतली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात छान, पण देवनागरी वाचताना अडखळतात, आणि चारचौघांत अडखळायची लाज वाटते म्हणून वाचायचंच सोडून देतात. माझी नात तेरा वर्षांची आहे. छापील शास्त्र तिच्या हातात दिलं की ती ते उघडून मांडीवर ठेवते आणि समोर बघत बसते. फोनवर मात्र ती मराठी उतारा उघडते, अडलं तर त्याच वचनावर बोट दाबून इंग्रजी बघते आणि परत मराठीवर येते. काही अनुवादांना आवाजही जोडलेला असतो. शनिवारी रात्री कानात लावून ती ऐकते आणि अक्षरांवरून बोट फिरवते. मागच्या महिन्यात तरुणांच्या रविवारी तिने करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मंडळीपुढे मराठीत वाचला. 'प्रीती' शब्दातला र ती कुठे जोडायचा ते विसरते, तिथे क्षणभर थांबली, पण बरोबर वाचला. हे मूल फोनमुळे शास्त्रापासून दूर गेलं, असं कोणी मला म्हणू नये.

फोन हातात असला की मन भरकटतं, हे खरं आहे. व्हॉट्सॲपची खूण वर चमकली की बोट तिकडे जातं. त्यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. बहुतेक ॲपमध्ये अनुवाद एकदा उतरवून घेतला की नेट लागत नाही. चर्चच्या पायरीवर फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, पडद्याचा उजेड कमी करायचा, मागचा रंग काळा ठेवायचा. शेजाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही आणि फोनही येत नाही. आमचे पाळकसाहेब उपासनेच्या आरंभी हे एका वाक्यात सांगतात आणि लोक ऐकतात. प्रभुभोजनाच्या वेळी काहीच वाचायचं नसतं, तेव्हा फोन खिशात. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत दिवे मालवून मेणबत्त्या लावतात तेव्हाही खिशात. आणि फोटो काढणं तर मला कोणत्याच वेळी मान्य नाही, बाप्तिस्म्याचं मूल आपलं असलं तरीही.

मुद्रितशोधक म्हणून मला खुपतं ते वेगळंच आहे, आणि बंदीच्या या गोंधळात त्याकडे कोणाचं लक्षच नाही. फोन आल्यापासून एकाच चर्चमध्ये चार वेगवेगळे अनुवाद वाचले जाऊ लागले आहेत. कोणाकडे बायबल सोसायटीचं नेहमीचं पवित्र शास्त्र असतं, कोणाकडे सोप्या भाषेतली आवृत्ती, कोणाकडे आणखी एखादी, तर कोणी कुठून तरी आलेली पीडीएफ उघडतो. एकट्याने घरी वाचताना हे चांगलंच आहे, चार अनुवाद शेजारी ठेवून वाचले तर अर्थ अधिक उलगडतो. पण आळीपाळीच्या वाचनात मंडळीने एका तोंडाने वचन म्हणायचं असतं. वाक्यरचना वेगळी झाली की पहिल्या चार शब्दांनंतर आवाज फुटतात. लेझमीत एकाचं पाऊल चुकलं की बघता बघता रांग मोडते, तसं होतं. मग धीट लोक मोठ्याने आपलंच वाचत राहतात, भिडस्त लोक गप्प होतात, आणि शेवटच्या शब्दाला पाळकांचा एकट्याचा आवाज उरतो. दर दोन-तीन रविवारांनी मी हे ऐकतो आणि फार वाईट वाटतं. स्तोत्रं ही सगळ्यांनी मिळून म्हणायची म्हणूनच तर ठेवलेली आहेत.

त्यातून कुठून तरी घेतलेल्या फुकट ॲपांमध्ये चुका असतात. ज्यावर नाव नाही, प्रकाशक नाही, अशा एका ॲपमधलं एक स्तोत्र मी सवयीने प्रुफासारखं तपासलं. काने-मात्रे सुटलेले होतेच, पण वचनांचे आकडेही सरकलेले होते. हिब्रू परंपरेत कित्येक स्तोत्रांचं शीर्षक हेच पहिलं वचन धरतात, आपल्या मराठी शास्त्रात तसं मोजत नाहीत. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की पाळक 'वचन सात' म्हणतात तेव्हा तुमच्या पडद्यावर सहावं येतं. व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी फुलांच्या चित्रावर येणाऱ्या वचनांबद्दल तर काय सांगावं! संदर्भ एका पुस्तकाचा आणि मजकूर दुसऱ्याच पुस्तकाचा, असं मी स्वतः पाहिलं आहे. छापील शास्त्रामागे कित्येक डोळ्यांनी तपासलेली प्रुफं असतात. पडद्यावरच्या शास्त्राला तीच कसोटी आपण लावली पाहिजे, आणि ती लावण्याचं काम मंडळीचं आहे.

पुलपिटावरच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरच्या, वाचनाबद्दल माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. तिथे मोठं छापील शास्त्र उघडं असावं. आमच्याकडे एका तरुणाने उतारा वाचायला टॅब पुलपिटाच्या उतरत्या फळीवर ठेवला, तो जरा तिरका झाला आणि पडदा आडवा फिरला. वचन हरवलं, मग पडदा काळा झाला, मग आकडे मागू लागला. सगळी मंडळी थांबून राहिली. पुस्तकाला हे होत नाही. शिवाय पुलपिटावरचं शास्त्र मंडळीचं असतं, वाचणाऱ्याचं खासगी नसतं. ते उघडं आहे हे शेवटच्या बाकावरूनही दिसलं पाहिजे. तरी ज्याला मोठ्या अक्षराशिवाय वाचताच येत नाही त्याला वाचकांच्या यादीतून काढून टाकू नये. माझी पाळी असते तेव्हा पाळकसाहेब पुलपिटावरचं शास्त्र नेमक्या उताऱ्यावर उघडून ठेवतात आणि मी त्याच्या शेजारी टॅब उभा करून वाचतो. अनुवाद तोच, आकडे तेच. डोळ्यांचा आजार मंडळीला सांगितल्यापासून कोणी हरकत घेतलेली नाही. उलट मधुमेहाने दृष्टी गेलेल्या आमच्या एक ताई आता कानात आवाज लावून, एकेक वाक्य ऐकून तसंच मोठ्याने म्हणून पाहत आहेत, त्यांनाही यादीत यायचं आहे.

तेव्हा मुंबईतल्या सर्व मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि कमिट्यांना माझी विनंती आहे. दारावरचा 'मोबाईलचा वापर करू नये' हा फलक काढा आणि 'मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवावा' असा लावा. जागा दाखवणाऱ्या तरुणांना सांगा की शास्त्रपाठाच्या वेळी कोणाच्या हातात पडदा दिसला तर त्याला हटकू नका, फोटो काढत असेल किंवा बोलत असेल तरच उठवा. प्रत्येक चर्चमध्ये भिंतीवर गीतांचे नंबर लावायची लाकडी पाटी असते. त्या पाटीवर सर्वांत वर, त्या रविवारी कोणता अनुवाद वाचायचा त्याचं नाव लावा, आणि तो फोनवर कसा उतरवून घ्यायचा हे उपासनेनंतर संडे स्कूलच्या मुलांना आजी-आजोबांना शिकवू द्या. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा नको आहे त्यांच्यासाठी त्या दिवसाचा उतारा आणि स्तोत्र मोठ्या टाइपात, चोवीस पॉइंटच्या खाली नाही, एका कागदावर छापून दारात ठेवा. कागद किती लागेल, खर्च किती येईल, मजकूर कसा लावावा, हे मी कोणत्याही मंडळीला येऊन विनामूल्य सांगेन. प्रुफंही तपासून देईन. नात मला वाचून दाखवते आणि चुका अजून माझ्या कानाला कळतात.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक
भायखळा, मुंबई